ब्लू कट चष्मा घेतला तरी संध्याकाळी डोळे जड का होतात?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. वय ३८, नाशिकच्या अंबडला ऑफिस, दिवसभर लॅपटॉप आणि बाजूला एक मॉनिटर. दुपारी चारनंतर डोळे चुरचुरायला लागतात, भुवयांच्या वर जडपणा येतो, आणि ऑफिसमधून गाडी काढली की पाथर्डी फाट्यापर्यंत समोरच्या पाट्या धूसर दिसतात, मग हळूहळू क्लियर होतं. मध्यंतरी नवीन चष्मा केला, मशीनवर नंबर काढला, मायनस सव्वाचा पावणेदोन झाला, ब्लू कट काचा, म्हणजे निळा प्रकाश अडवतात म्हणून विकतात त्या, टाकल्या, आणि त्रास कमी व्हायच्या ऐवजी वाढलाय. आता विचारताय की कुठला ड्रॉप टाकू, कुठला व्यायाम करू आणि डोळे कायमचे खराब होतायत का.

मी नाशिकमध्येच ऑप्टोमेट्रिस्ट म्हणून काम करते, म्हणजे नंबर काढणं, दोन डोळ्यांचा ताळमेळ बघणं, चष्मा, लेन्स हे माझं काम. डोळ्यांची डॉक्टर मी नाही, औषध लिहून देणं माझ्याकडे येत नाही, त्यामुळे ड्रॉपबद्दल जे बोलेन ते तेवढ्याच बेताने घ्या. आणि तुम्हाला न तपासता लिहितेय हेही लक्षात असू द्या, काही गोष्टी खुर्चीवर बसवून बघितल्याशिवाय सांगताच येत नाहीत.

शेवटचा प्रश्न आधी घेते कारण भीती तिथेच आहे. नाही, मोठ्या माणसाचे डोळे स्क्रीन बघून कायमचे खराब होत नाहीत. थकतात, कोरडे पडतात, विश्रांती मिळाली की सावरतात. लहान मुलांचं वेगळं, जवळचं काम जास्त आणि बाहेर उजेडात खेळणं कमी झालं की त्यांचा मायनस वाढतो, घरात मूल असेल तर त्याला रोज दीड-दोन तास मैदानावर पिटाळा. तुमच्या वयात ती काळजी नाही. पण धूसर दिसत असताना गाडी मात्र काढू नका, पार्किंगमध्ये पाच-दहा मिनिटं थांबा, लांब बघा, मग निघा. मुंबई हायवेवर संध्याकाळची ट्रॅफिक तुम्हाला मी सांगायला नको.

आता मुद्दा. तुम्ही डोळ्यांचा ताण म्हणून जे एकच सांगताय त्यात मला दोन वेगळे त्रास दिसतायत, कदाचित तिसराही असेल. चुरचुर हा डोळ्याच्या बाहेरच्या पृष्ठभागाचा त्रास आहे. कपाळाचा जडपणा आणि लांबचं धूसर दिसणं हा आतल्या फोकसच्या स्नायूचा. दोन्हींचे उपाय वेगळे, म्हणून एकच वस्तू विकत आणून दोन्ही जाणार नाहीत, आणि ब्लू कट काच तर दोन्हींपैकी कशालाच हात लावत नाही.

फोकसचं आधी, कारण तुमच्या केसमध्ये गडबड मला इथे जास्त वाटतेय. लांब बघताना डोळ्यातला स्नायू सैल असतो, जवळ बघायचं झालं की तो आवळतो आणि भिंग फुगतं. किती आवळायचं हे अंतरावर ठरतं आणि त्याचा हिशेब सोपा आहे, चष्म्याचा नंबर मोजतात त्याच मापात, डायॉप्टरमध्ये, एक मीटरला एक डायॉप्टर, अर्ध्या मीटरला दोन, २५ सेंटीमीटरला चार. तुमच्या वयाला हा स्नायू जास्तीत जास्त साधारण सातपर्यंत जोर लावू शकतो, काहींचा साडेपाचच्या आसपासच संपतो. आमच्याकडे जुना ठोकताळा असा की सलग काम करायचं तर निम्मी ताकद राखीव हवी. म्हणजे सतत वापरायला तुमच्याकडे पावणेतीन ते साडेतीन. लॅपटॉप अर्ध्या मीटरवर असेल तर दोन लागतात, बसतंय. रात्री पलंगावर पडून फोन २५ सेंटीमीटरवर धरला की चार लागतात, इथे बजेट संपलं. भरलेली पिशवी हातात धरून उभं राहण्यासारखं आहे हे, पिशवी फार जड नसते पण आठ तास खाली ठेवलीच नाही तर हात भरून येतोच, आणि सोडल्यावरही बोटं लगेच सरळ होत नाहीत. पाथर्डी फाट्यापर्यंतच्या धूसर पाट्या म्हणजे हेच, आवळलेला स्नायू सैल व्हायला वेळ घेतोय.

आता यात तुमचा नवा नंबर टाका. मशीनमध्ये डोळा लावला की आत कुठलं तरी चित्र दिसतं, घर किंवा फुगा वगैरे, आणि ते जवळ आहे असं वाटून बऱ्याच जणांचा स्नायू तिथेच थोडा आवळतो, त्यात तुम्ही दिवसभराचं काम करून गेला असाल तर आवळलेलाच असतो. मशीन मग मायनस जास्त दाखवतं. मशीन वाईट नाही, ती सुरुवात करून देते, पण त्यातून आलेली चिठ्ठी तशीच्या तशी काचेत उतरवायची नसते. पुढे ट्रायल फ्रेम, म्हणजे काचा बदलत बघायची तपासणीची चौकट, लावून, मुद्दाम थोडं धूसर करून, मग पाव-पाव कमी करत आणत, तुम्हाला विचारत विचारत नंबर ठरवायचा असतो. त्याला वेळ लागतो आणि गर्दीच्या दुकानात तो वेळ कोणी देत नाही, हे आमच्याच धंद्यातलं दुखणं आहे. तुमचा खरा नंबर अजूनही सव्वाच असेल तर पावणेदोनच्या चष्म्याने स्नायूवर अर्ध्या डायॉप्टरचा जादा भार दिवसभर पडतोय, दोनाचे अडीच, चाराचे साडेचार. नंबर खरंच वाढलाय का, हे दूरवरून मी सांगू शकत नाही, अडतिशीत थोडा वाढूही शकतो. पण नवा चष्मा लावल्यावर त्रास वाढला हे तुम्ही स्वतः लिहिलंय, आणि माझ्याकडे अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा मायनस जास्त गेलाय का हेच बघते.

दुसरं म्हणजे तुम्ही चाळिशीच्या दारात आहात. जवळचा नंबर वाढदिवसाच्या दिवशी लागत नाही, त्याआधी दोन-तीन वर्षं असाच येतो, संध्याकाळचा, थकल्यावरचा. बरेच जण मान्य करत नाहीत, म्हणतात अजून चाळीस कुठे झाले.

यात तुम्हाला एक फायदा आहे जो प्लस नंबरवाल्यांना नाही. मायनस सव्वावाल्याला चष्मा काढल्यावर साधारण ८० सेंटीमीटरपर्यंत स्पष्ट दिसतं. म्हणजे रात्री फोन, पुस्तक, काही वेळा लॅपटॉपसुद्धा, चष्मा काढून बघा. स्नायूचं सव्वा डायॉप्टरचं काम तिथल्या तिथे वाचतं. घरी आई-सासूबाई म्हणतील चष्मा काढू नको नंबर वाढेल, तुमच्या वयात असं काही होत नाही. दोन्ही डोळ्यांचे नंबर बरेच वेगळे असतील किंवा सिलिंडर नंबर (चिठ्ठीवर CYL लिहिलेला, तिरकस नंबर) मोठा असेल तर मात्र हा उपाय चालत नाही, ते तुमच्या चिठ्ठीवर बघा.

आता कोरडेपणा. एरवी आपण मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी लवतो, स्क्रीनसमोर ते निम्म्याच्याही खाली येतं, पाच-सातवर. त्यातही अर्धवट लवणं असतं, वरची पापणी खालपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे बुबुळाचा खालचा भाग उघडाच राहतो. आपल्याला वाटतं अश्रू म्हणजे पाणी, पण त्या पाण्यावर तेलाचा एक पातळ थर असतो, तो पापण्यांच्या कडेच्या ग्रंथींमधून पापणी पूर्ण मिटल्यावर दाबला जाऊन पसरतो. पापणी नीट मिटत नाही, तेल येत नाही, पाणी उडून जातं, डोळा चुरचुरतो. वरून एसीचा झोत. वरून आपली हिवाळ्यातली कोरडी हवा, आणि गाडीवर व्हायजर वर करून द्वारका चौकापर्यंतची धूळ. काहींच्या डोळ्यातून उलट घळाघळा पाणी येतं आणि ते म्हणतात माझे डोळे कोरडे कसे असतील, पण तेच कोरडेपणाचं लक्षण असू शकतं, डोळा खुपला की शरीर एकदम पाणी सोडतं, ते टिकाऊ नसतं.

याला करायचं काय तर एसीचा झोत तोंडावरून हलवा, हे पहिलं आणि फुकटातलं. स्क्रीनचा वरचा काठ डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली ठेवा. मानेसाठी लॅपटॉप पुस्तकांच्या थप्पीवर चढवायची फॅशन आहे, चढवा, पण डोळ्यांच्या वर जाऊ देऊ नका, वर बघताना डोळे जास्त विस्फारतात आणि तेवढे लवकर सुकतात. आणि पापण्या मुद्दाम पूर्ण मिटा, मिटल्यावर क्षणभर थांबा, मग उघडा, असं तासाभरातून आठ-दहा वेळा. वेड्यासारखं दिसेल, करा. संध्याकाळी स्वच्छ रुमाल सोसेल इतक्या गरम पाण्यात पिळून बंद डोळ्यांवर पाच ते दहा मिनिटं ठेवा, गार झाला की परत बुडवा, त्याने ग्रंथींमधलं घट्ट झालेलं तेल सैल होतं. एकदा करून काही होत नाही, दोन-तीन आठवडे नियमाने केलं तर कळतं.

ड्रॉप. नुसता ओलावा देणारे, ज्यांना कृत्रिम अश्रू म्हणतात, ते साधारण निर्धोक असतात, पण त्यातल्या बऱ्याच ड्रॉपमध्ये प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे औषध टिकवायचं रसायन, असतं, दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा टाकायची वेळ येत असेल तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले लागतात आणि मग डॉक्टरला दाखवायचीही वेळ आलेली असते. लाली घालवणारे ड्रॉप टाळा, शिरा तेवढ्यापुरत्या आखडतात, डोळा पांढरा दिसतो, असर उतरला की लाली परत येते आणि सवय लागते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मेडिकलवाल्याने "हा टाका, लगेच आराम पडेल" म्हणून दिलेला ड्रॉप टाकू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर आराम पडतो हे खरंय, म्हणूनच लोक महिनोन्महिने टाकतात, आणि त्याने डोळ्यातलं प्रेशर वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदू लवकर येऊ शकतो. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. इथे मी थोडी कडक बोलतेय, पण याबाबतीत बोलायलाच हवं.

घरगुती उपायांबद्दल तुम्ही विचारलं नाही तरी कोणी ना कोणी सांगेलच. काकडीच्या चकत्या, गुलाबपाण्याच्या घड्या बंद डोळ्यांवर, गार वाटतं, ठेवा, बिघडत नाही. डोळ्यात मात्र गुलाबपाणी, मध, त्रिफळ्याचं पाणी यातलं काहीही घालू नका, ते निर्जंतुक नसतं. सारखे पाण्याचे हबके मारण्यानेही उरलासुरला ओलावा धुतला जातो.

आतापर्यंतचं एका वाक्यात: चुरचुर पापण्या आणि हवेची, जडपणा आणि धूसर दिसणं फोकसचं, आणि फोकसवर नव्या चष्म्याने बहुतेक भर घातलीय.

तिसरी शक्यता दोन्ही डोळ्यांच्या ताळमेळाची. जवळ बघताना दोन्ही डोळे आत वळावे लागतात, काहींना ते वळवून धरणं जड जातं. घरी एक साधी गोष्ट करून बघा, त्रास सुरू झाला की एक डोळा हाताने झाकून पाच मिनिटं वाचा. झाकल्यावर एकदम हायसं वाटलं, किंवा एरवी ओळी सरकतात, अक्षरं दुहेरी होतात असं असेल, तर ते तपासणाऱ्याला आवर्जून सांगा. पेन हातभर लांब धरून नाकाकडे आणत पेनाचे दोन होतात कुठे तेही बघा, नाकापासून दहा सेंटीमीटरच्या आधीच दोन होत असतील तर तपासणी हवीच. व्यायामाचा खरा उपयोग या गटाला होतो. पण तिथेही २००८ साली अमेरिकेत मुलांवर झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं की नुसतं घरी पेन नाकाकडे आणण्याचा फारसा फायदा नाही, क्लिनिकमध्ये कोणाच्या देखरेखीखाली केलेल्या व्यायामाचा झाला. ते मुलांचं होतं, मोठ्यांना तंतोतंत लागू म्हणणार नाही, पण व्हिडिओ बघून डोळे गोल-गोल फिरवणाऱ्यांनी विचार करावा. डोळे फिरवून नंबर जात नाही. आणि तुमचा स्नायू आधीच आवळलेला असेल तर त्याला अजून आवळायचा व्यायाम देणं म्हणजे उलटंच.

ब्लू कटबद्दल दोन शब्द, कारण पैसे गेलेत. स्क्रीनमधून येणारा निळा प्रकाश हा बाहेरच्या उन्हातल्या निळ्या प्रकाशापुढे फारच किरकोळ. २०२३ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने तोवरच्या चाचण्या एकत्र करून बघितल्या, त्यात साध्या काचेच्या तुलनेत ब्लू कटने डोळ्यांचा थकवा कमी होतो असं काही निघालं नाही. तोटा नाही, रंग जरा पिवळट दिसतात एवढंच, त्यामुळे असलेल्या काचा फेकू नका. पुढच्या वेळी साधं चांगलं अँटीग्लेअर कोटिंग घ्या. आणि स्क्रीन हीच खलनायक असती तर येवल्याचे पैठणी विणणारे आणि सराफ बाजारातले बारीक काम करणारे कारागीर हीच तक्रार घेऊन आलेच नसते. त्यांच्यासमोर कसली स्क्रीन? जवळचं बारीक काम, टक लावणं आणि अपुरा उजेड, डोळ्याला थकायला एवढं पुरतं.

ऑफिसात बसायची पद्धत बदला म्हणजे काय तर स्क्रीन हातभर लांब, अक्षर जेमतेम वाचता येतं त्याच्या निदान दुप्पट मोठं (झूम वाढवायला लाजू नका), लॅपटॉप आणि मॉनिटर शक्यतो एकाच अंतरावर, खिडकी पाठीमागे नको आणि तोंडासमोरही नको, बाजूला असू दे. ब्राइटनेस इतका की पांढरं पान खोलीतल्या कागदाइतकंच उजळ दिसेल. वीस मिनिटांनी वीस फूट लांब वीस सेकंद बघा हा नियम तुम्ही ऐकला असेल, वीसचा आकडा लक्षात राहायला सोपा म्हणून आहे, त्यात जादू नाही, पण त्यामागचं कारण खरं आहे, वीस फुटांपलीकडे बघताना स्नायूला जवळपास काहीच काम नसतं. नाशिकच्या वन-बीएचकेत वीस फूट सापडत नाहीत, त्यामुळे खिडकीशी जा, अंबडकडून पांडवलेण्यांचा डोंगर दिसत असेल तर तोच बघा. फक्त ब्रेकमध्ये फोन काढू नका, लॅपटॉप अर्ध्या मीटरवर, फोन पाव मीटरवर, म्हणजे ब्रेकमध्ये दुप्पट काम.

तपासणीला जाताना सुट्टीच्या दिवशी सकाळी जा, ऑफिस सुटल्यावर नको. जुना सव्वाचा चष्मा बरोबर न्या, नव्या चष्म्याची चिठ्ठी न्या. नंबर ट्रायल फ्रेमवर काढा, जवळची ताकद आणि दोन्ही डोळ्यांचा ताळमेळ तपासा असं स्पष्ट सांगा. आवळलेल्या स्नायूमुळे नंबर हलतोय असं वाटलं तर डॉक्टर ड्रॉप टाकून स्नायू सैल करून तपासतात, त्या दिवशी काही तास जवळचं दिसत नाही आणि उजेड खुपतो, म्हणून गाडी नेऊ नका, कोणाला तरी सोबत घ्या. चष्मा ऑनलाइन केला असेल तर काचेचे मध्य तुमच्या बाहुल्यांसमोर येतायत का तेही बघून घ्या, ते चुकलं तरी असाच जडपणा येतो. चाळिशी आलीच आहे तर डोळ्यातलं प्रेशर आणि आतला पडदा (रेटिना) एकदा तपासून घ्या, आणि शुगरही, कारण साखर वर-खाली होत असेल तर नंबरही वर-खाली होतो आणि आम्ही बसतो काचा बदलत.

तोवर एक करून बघता येईल. जुन्या सव्वाच्या चष्म्याच्या काचा ठीक असतील तर आठवडाभर ऑफिसात तोच लावा. संध्याकाळचा जडपणा कमी झाला तर तपासणाऱ्याला सांगण्यासारखी ती सगळ्यात उपयोगी माहिती असेल. गाडीवर मात्र ज्याने लांबचं नीट दिसतं तोच.

हे सगळं नेहमीच्या थकव्याबद्दल. अचानक नजर कमी होणं, डोळ्यासमोर पडदा आल्यासारखं वाटणं, चमका आणि नवीन काळे ठिपके, दिव्याभोवती रंगीत वलयं आणि सोबत डोकं-डोळा दुखून उलटी, लाल डोळा ज्यात उजेड सहन होत नाही, कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्याचा लाल दुखरा डोळा, एकाएकी दोन-दोन दिसणं, यातलं काहीही झालं तर माझ्यासारखीकडे नाही, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे, सिव्हिलला जा की खाजगीत, पण त्याच दिवशी.

एक राहिलं, तुम्ही सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या नेहमी घेता का ते लिहिलं नाहीत. द्राक्षाच्या सीझनमध्ये फवारणी आणि धूळ यामुळे आपल्याकडे बरेच जण घेतात, आणि त्यातल्या काही गोळ्यांनीच डोळे कोरडे पडतात. मुरमांसाठी किंवा झोपेसाठी काही चालू असेल तर तेही सांगा, आणि डोळे चोळायची सवय आहे का तेही.